सेट-टॉप बॉक्स लोगोवरच अडकलाय? आधी मेमरीतला ‘पोटखराबा’ समजून घ्या

मे महिन्यातली दुपार. अकोल्यात पारा ४५ च्या पार. तासाभरापूर्वी गेलेली लाईन परत येते, कूलर सुरू होतो, पण सेट-टॉप बॉक्स लोगोवरच थांबलेला. तिकडे अमरावतीत कुणाचा वायफाय राउटर नुसतेच दिवे लुकलुकवत बसलेला.

‘बोर्ड गेला’ असं म्हणून अशी वस्तू भंगारात जाते. पण दर वेळी बोर्डच गेलेला असतो असं नाही. काही वेळा बिघाड असतो तो मेमरीच्या एका छोट्याशा तुकड्यात.

नवी चिप, तरी खराब?

अशा अनेक उपकरणांचं सॉफ्टवेअर नँड फ्लॅश या प्रकारच्या चिपमध्ये असतं. चिपचे सारखे भाग पाडलेले असतात, त्यांना ब्लॉक म्हणतात. १२८ एमबीच्या नेहमीच्या चिपमध्ये असे १,०२४ ब्लॉक असतात. त्यातले किमान १,००४ चांगले असतील, एवढीच हमी कंपनी देते. म्हणजे कोऱ्या चिपमध्येही २० ब्लॉक खराब निघाले तरी ती पास! सगळे ब्लॉक निर्दोष हवेत असा हट्ट धरला, तर चिप फार महाग पडेल.

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हे लगेच कळेल. सातबारावर ‘पोटखराबा’ लिहिलेला असतो, तेवढी जमीन सोडून बाकीची पेरतात. चिपमध्येही कारखान्यातच खराब ब्लॉकवर खूण केली जाते आणि सॉफ्टवेअर त्याची यादी ठेवतं.

मग सुरू होतानाच अडचण का?

कारण यादी वाचणारं सॉफ्टवेअरही त्याच चिपमध्ये असतं!

बटण दाबलं की प्रोसेसरमधला एक छोटा, कायमचा कोड जागा होतो. त्याला फार समज नसते. तो सहसा पहिला ब्लॉक उघडतो. म्हणून निदान पहिला ब्लॉक चांगला असेल, अशी हमी बहुतेक कंपन्या देतात. तिथून बूटलोडर सुरू होतो. तो खूण पाहतो, खराब ब्लॉक ओलांडतो आणि पुढचा चांगला ब्लॉक वाचतो. नीट बनवलेल्या उपकरणात बूटलोडरच्या दोन-तीन प्रती असतात. एक बिघडली तर दुसरी. ही सोय नसेल, तर एका ब्लॉकपायी अख्खं उपकरण ठप्प.

ब्लॉक नंतर का बिघडतात?

फ्लॅशमध्ये माहिती साठते ती विद्युतभाराच्या रूपात. प्रत्येक वेळी पुसून लिहिताना ब्लॉक थोडा झिजतो. चांगल्या प्रतीचा ब्लॉक साधारण १ लाख वेळा टिकतो, स्वस्तातला काही हजार वेळा. उष्णतेत साठलेला भार लवकर गळतो. आणि अपडेट चालू असताना लाईन गेली, तर लिखाण अर्धवट राहतं. तेव्हा ब्लॉक धड असतो, पण त्यातला मजकूर बिघडलेला असतो.

मंगळावरही हेच

नासाच्या ‘ऑपर्च्युनिटी’ रोव्हरला २०१४ मध्ये असाच त्रास झाला. तो वारंवार रीसेट व्हायचा आणि साठवलेली माहिती विसरायचा. त्याच्या फ्लॅशच्या ७ भागांपैकी सातवा भाग बिघडला होता. दुरुस्तीला माणूस पाठवणं अशक्य. मग २०१५ मध्ये पृथ्वीवरून नवं सॉफ्टवेअर पाठवून त्याला सांगितलं गेलं: सातवा भाग सोड, उरलेल्या सहांवर चाल. पोटखराबा सोडून पेरणी, तीही मंगळावर!

घरी काय करता येईल?

• अपडेट चालू असताना वीज बंद करू नका. राउटरला छोटा यूपीएस असेल तर उत्तम.
• राउटर किंवा बॉक्स टीव्हीमागे कोंडून, कापडाखाली झाकून ठेवू नका. हवा लागू द्या.
• अडकलाच, तर आधी अॅडॅप्टर तपासा. मग कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला रीसेट करून पाहा.
• तरीही चालू झाला नाही, तर दुरुस्तीवाल्याला विचारा: ‘सॉफ्टवेअर पुन्हा टाकून पाहिलं का?’

त्या एका प्रश्नामुळे कदाचित नव्या बॉक्सचा खर्च वाचेल.