मुक्त आज्ञावली आणि ऋषिऋण

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें 'विंडोज १०' या संगणक-प्रणालीची नित्याची देखभाल थांबविली. आणि तिच्या पुढची 'विंडोज ११' पुष्कळशा जुन्या यंत्रांवर चालत नाहीं. यामुळें अनेक घरांतून चांगला चालता संगणक अडगळींत टाकण्याची वेळ आली आहे. मुलांचा अभ्यास, वडिलांचे हिशेब आणि आजोबांचा पत्रव्यवहार ज्या एका यंत्रावर चालतो, तें मोडींत काढून नवें घेणें हा एकत्र कुटुंबाला लहानसा खर्च नव्हे. अशा गृहस्थांना दुसरा मार्ग मोकळा आहे.

तो मार्ग मुक्तस्रोत आज्ञावलीचा. जिची घडण कोणालाही वाचतां, बदलतां व दुसऱ्यास देतां येते, ती मुक्तस्रोत. अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ सालीं हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें 'लिनक्स' हा प्रणालीचा गाभा जगापुढें ठेविला. १९९३ सालीं सुरू झालेलें 'डेबियन' मंडळ या साऱ्याची जुळणी करून देतें, आणि तें काम स्वयंसेवक चालवितात. भारत सरकारच्या सी-डॅक संस्थेनें 'बॉस' ही प्रणाली डेबियनच्याच पायावर उभारली आहे.

आतां कृति. प्रथम घरांतील कागदपत्रें व छायाचित्रें बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरून ठेवावीं. बसवितांना 'संपूर्ण डिस्क वापरा' असें सांगितलें, कीं जुनें सर्व पुसलें जातें. मग आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर प्रणालीची 'लाइव्ह' प्रत घ्यावी. तिच्यावरून संगणक सुरू केला, म्हणजे कांहींही न बसवितां ती चालवून पाहतां येते. वायफाय, आवाज व प्रिंटर चालतात अशी खात्री पटल्यावरच पुढें जावें. डेबियनच्या चित्रमय पद्धतीच्या स्थापनेंत भाषांच्या यादींत मराठीही आहे. लेखनासाठीं 'लिब्रेऑफिस' आहे आणि टंकनासाठीं इनस्क्रिप्ट कळफलक निवडतां येतो.

अडचण आली, तर विचारावें कोणास? आमच्या वडवणीसारख्या तालुक्याच्या गांवीं लिनक्स जाणणारा कारागीर सहसा सांपडत नाहीं. पण लेखी प्रश्नाला अंतर नसतें. जगांतले स्वयंसेवक आपल्या फावल्या वेळांत उत्तरें देतात. मात्र तो त्यांचा वेतनाचा वेळ नव्हे, हें विचारणाऱ्यानें विसरूं नये. 'चालत नाहीं, लवकर सांगा' हा प्रश्न नव्हे, तो हुकूम झाला. यंत्र कोणतें, प्रणालीची आवृत्ति कोणती, आपण काय केलें, पडद्यावर कोणते शब्द उमटले, हें क्रमानें व जसेंच्या तसें लिहावें. पूर्वीं कोणीं तेंच विचारलें आहे काय, हेंही आधीं शोधावें. वैद्याला लक्षणें नीट सांगितल्याखेरीज त्यानें औषध तरी कसें द्यावें?

आणि दोष दूर झाला, कीं गप्प बसूं नये. कोणत्या उपायानें गुण आला, तें त्याच ठिकाणीं लिहून ठेवावें. पुढल्या वर्षीं दुसऱ्या गांवचा विद्यार्थी तेंच वाचून मोकळा होईल. या आज्ञावलींचा मराठी अनुवादही असाच स्वयंसेवकांच्या हातून होतो. ते हात थांबले, कीं नवी आवृत्ति येते, मराठी मागें राहतें आणि पडद्यावर अध्येंमध्यें इंग्रजी वाक्यें दिसूं लागतात. येथें सुशिक्षित घरांचें काम आहे. नातवाला यंत्र कळतें, आजोबांना शुद्ध शब्द सुचतो. दोघांनीं मिळून रविवारीं तासभर दहा ओळी जरी लावल्या, तरी त्या सर्व महाराष्ट्राच्या होतात.

आपल्या शास्त्रकारांनीं मनुष्य ऋषिऋण घेऊन जन्मतो असें मानलें आहे. तें ऋण पैशानें फिटत नाहीं. अध्ययनानें आणि अध्यापनानेंच फिटतें. मुक्त आज्ञावली विनामूल्य मिळते, म्हणून ती फुकट समजूं नये. ती घरांत आणली, कीं ऋणही घरांत आलें. आणि तें फेडण्याची ऐपत प्रत्येक वाचत्या घरापाशीं आहे.