खुबा बदलला, आता घरही थोडे बदला

खुब्याचा सांधा बदलला म्हणजे माणूस कायमचा खाटेवर, असा समज अजून पुष्कळ घरांत आहे. तो खरा नाही. बहुतेकांना डॉक्टर दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभे करतात. जखम काही दिवस दुखते. पण झिजलेल्या सांध्याचे, रात्र रात्र झोपू न देणारे दुखणे बहुतेकांचे थांबलेले असते.

हे ऑपरेशन नवखेही नाही. इंग्लंडात जॉन चार्न्ली या सर्जनने १९६२ साली बसवलेल्या सांध्यापासून आजची पद्धत रूढ झाली. मांडीच्या हाडाचा खराब गोळा काढून तेथे दांड्यासह नवा गोळा बसवतात, वर नवी वाटी. म्हातारपणी पडून हाड मोडले तर हे करावे लागते. तरण्या माणसांत दारूमुळे किंवा स्टेरॉइड फार दिवस घेतल्याने गोळ्याचा रक्तपुरवठा खुंटतो आणि तो खचतो. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांत कधी कधी हेच स्टेरॉइड मिसळलेले असते, हे ध्यानात असू द्या.

खरी अडचण घरी आल्यावर सुरू होते. आपले सारे जगणे जमिनीलगतचे. जेवण पाटावर, धार काढायची उकिडवे बसून, शौचालाही तसेच. नवा सांधा सुरुवातीला नेमका याच बैठकीत निखळू शकतो. म्हणून रुग्ण घरी येण्याआधीच तयारी करावी. खाट व खुर्ची गुडघ्याहून थोडी उंच हवी. शौचाला मध्ये भोक असलेली लोखंडी खुर्ची चालते. वाटेतली गोणपाटे उचला, न्हाणीतले शेवाळ घासा, रात्री दिवा ठेवा. झोपताना दोन्ही पायांमध्ये उशी असावी, पायावर पाय टाकू नये. साधारण दीड ते तीन महिने हे पाळायचे. पुढे मांडी घालायची की नाही, ते आपल्या सर्जनलाच विचारावे.

चालणे मात्र रोज हवे, थोडे थोडे, चार-पाच वेळा. काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरावी. पुष्कळ जण नेमके उलटे करतात. सासूबाईंना त्रास नको म्हणून सगळे जागेवर आणून देणाऱ्या सुनेने निदान पाण्याचा तांब्या तरी त्यांना उठून घेऊ द्यावा.

पोटरी सुजून दुखू लागली तर तेल चोळू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते. तसे झाल्यास, धाप लागल्यास, जखमेतून पाणी आल्यास, ताप चढल्यास किंवा एकाएकी कळ येऊन पाय आखूड दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. हाडवैद्याकडे नेऊन पाय ओढून घेऊ नये.

बसून भाजी निवडणे लवकर जमते. शेतावरची फेरी दोन-तीन महिन्यांत होते. पोती उचलणे आणि बांधावरून उड्या मारणे सोडावे. ट्रॅक्टर डॉक्टरांनी सांगितल्यावरच.

सांधा टिकतो किती? ऑस्ट्रेलिया व फिनलंडमधील नोंदींवरून २०१९ साली जो हिशेब प्रसिद्ध झाला, त्यात २५ वर्षांनंतरही शंभरातले सुमारे ५८ सांधे शाबूत होते. खर्च मोठा असतो. तेव्हा आपले ऑपरेशन सरकारी योजनेत बसते का, हे दाखल होण्यापूर्वीच रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे. जाताना रेशनकार्ड व आधारकार्ड सोबत न्यावे.