हजेरीपटावरची माणसे

भाऊबीज आटोपून माहेरवाशिणी सासरी परतण्यापूर्वीचे चार दिवस, आणि अक्षय्य तृतीयेपासून मृगाची चाहूल लागेपर्यंतचा, शेतकऱ्याला किंचित उसंत देणारा उन्हाळी काळ, या दोन मोसमांत यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद, दिग्रस, दारव्हा, वणी, उमरखेड अशा कोणत्याही तालुक्याच्या गावी जाणाऱ्याला एखाद्या मंगल कार्यालयाच्या अथवा खुद्द शाळेच्याच फाटकावर जुन्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमीलनाचा फलक लागलेला हमखास दिसतो. आत पन्नाशी-साठी ओलांडलेली माणसे एकमेकांचे चेहरे निरखीत उभी असतात; आणि मग उभी हयात पुण्यात घालवलेल्या, प्रमाण मराठीखेरीज दुसरी भाषा घरात न बोलणाऱ्या एखाद्या निवृत्त अधिकाऱ्याच्या पाठीवर थाप पडते : “अबे, वळखूच नाही आला लेका तू! कवा आला गावात?” उत्तरही वऱ्हाडीतच येते, आणि मग पुढचे दोन-तीन तास कोणी कोणाचा हुद्दा विचारीत नाही.

या मेळाव्यांना पुष्कळ सुजाण मंडळी रिकामपणाचा उद्योग समजतात. छायाचित्रे काढायची, जेवायचे, पुन्हा भेटण्याच्या आणाभाका घ्यायच्या आणि पांगायचे, यापलीकडे त्यांत काही नाही, असा त्यांचा आक्षेप असतो. मला तो मान्य नाही. ज्या जिल्ह्यात शाळा सुटणे म्हणजे परस्परांच्या आयुष्यातून खरोखरच नाहीसे होणे होते, तेथे पुन्हा एकत्र येणे हे एक गंभीर सामाजिक कार्य आहे, असे मी मानतो; मात्र त्याची योग्यता कोण आले यावरून ठरत नाही, कोणाला बोलावले यावरून ठरते.

नाहीसे होणे हा शब्द मी विचारपूर्वक वापरला आहे. यवतमाळ हे जिल्ह्याचे मुख्य ठाणे. परंतु कित्येक दशके त्याच्या वाट्याला लोहमार्ग आला तो मूर्तिजापूरपर्यंतचा, ११३ किलोमीटरांचा, अरुंद रुळांचा. त्यावरून संथपणे जाणाऱ्या ‘शकुंतला’ गाडीने दारव्हा, कारंजा ही गावे जोडली खरी, पण मुंबई-कलकत्त्याच्या मुख्य मार्गावरची गाडी गाठण्यासाठी यवतमाळकराला बहुधा धामणगावची नाही तर बडनेऱ्याची वाट धरावी लागे. वर्धा ते नांदेड या नव्या मार्गापैकी वर्धा-कळंब एवढ्या टप्प्यावर गाडी सुरू झाली ती २८ फेब्रुवारी २०२४ रोजी. तेव्हा शालान्त परीक्षेनंतर जो नागपूर-अमरावतीच्या महाविद्यालयात गेला, जो फौजेत गेला, जो वणीकडच्या कोळशाच्या खाणीत लागला, त्याचा गावातल्या मित्रांशी संबंध उरे तो पोस्टकार्डापुरता. आणि दोन बदल्या झाल्या, एक पत्ता हरवला, की तोही सुटे.

आणि तो वर्ग तरी कसा होता! पुसदचे कोषटवार दौलतखान विद्यालय घ्या, दिग्रसचे दिनबाई विद्यालय घ्या किंवा यवतमाळची अभ्यंकर कन्या शाळा घ्या. तालुक्याच्या गावच्या अशा शाळांतील बाकांवर जे समाज शेजारी शेजारी बसले, ते त्यापूर्वी कोठे क्वचितच तसे बसले असतील. तांड्यावरून आलेला, घरी गोरमाटी बोलणारा बंजारा मुलगा, केळापूरकडच्या पोडावरचा कोलाम, तेलुगू घरचा, उर्दू घरचा, मोठ्या वाड्यातला आणि त्याच वाड्यात सालदारी करणाऱ्याचा, असे सारे एका फळ्याकडे तोंड करून बसत. पुसद तालुक्यातल्या गहुली या लहानशा गावाने वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक असे दोन मुख्यमंत्री राज्याला दिले, हे सर्वश्रुत आहे. पण त्या परिसरातल्या शेकडो मुलांना गावातली चौथी-सातवी संपली की हायस्कुलासाठी तालुक्याला यावे लागे, आणि खरी मैत्री जुळे ती या मुक्कामात, हे फारसे सांगितले जात नाही.

चार-पाच मुले मिळून एक खोली भाड्याने घेत. सकाळच्या एस.टी.ने गावाहून डबा येई. कापडी पिशवीत बांधलेला, वर नाव लिहिलेला तो डबा वाहकाच्या पायाशी किंवा टपावर प्रवास करी, आणि स्थानकावर त्याची वाट पाहत मुले उभी राहत. नाल्याला पूर आला की गाडी येत नसे. मग ज्याचा डबा आला त्याच्या डब्यात पाचही जण जेवत. आज स्नेहमीलनात रोडगे, वरण आणि वांग्याच्या भाजीच्या पंक्ती उठतात, तेव्हा वयस्क माणसे त्या थंडगार भाकरीच्या आठवणी काढतात, कारण कोणाच्या आईच्या हातची चटणी तिखट होती हे साठाव्या वर्षीही ती विसरलेली नसतात.

फीचा प्रश्न याहून बिकट. १९७२ पासून राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली; कापूस केंद्रावर घातला तरी चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, हाती येण्यास विलंब लागे, आणि चुकारा येईपर्यंत घरचा प्रत्येक खर्च तहकूब असे. शाळेत फीची मुदत टळून गेलेली असे, ई.बी.सी.च्या, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीच्या, सवलतीसाठी तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला हवा असे, आणि तलाठी आठवड्यात एकदाच सज्जावर येई. अशा वेळी एखाद्या शिक्षकाने आपल्या पगारातून फी भरली, एखाद्या मित्राने वडिलांना सांगून पैसे मिळवून दिले, या हकिगती स्नेहमीलनात प्रथमच उघड होतात. ज्याची फी भरली गेली त्याला ते चाळीस वर्षे ठाऊक नसते. या एका कारणासाठीदेखील अशा भेटी घडल्या पाहिजेत, असे मला वाटते.

या काळाच्याच आठवणी इतक्या ताज्या का राहतात, याचा विचार मानसशास्त्रज्ञांनी केला आहे. मध्यम वय उलटलेल्या माणसाला आयुष्यातले प्रसंग सांगावयास सांगितले, तर साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांमधले प्रसंग तो इतर कालखंडांच्या मानाने फार अधिक सांगतो, असे अनेक ठिकाणच्या प्रयोगांत आढळले. पहिले अनुभव त्याच वयात येतात आणि आपण कोण याची घडणही तेव्हाच होते, ही त्याची संभवनीय कारणे होत. वृद्ध माणसाचे जुन्या गोष्टींत रमणे हे बुद्धी शिणल्याचे लक्षण समजण्याची रीत पूर्वी वैद्यकातही होती. रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९६३ साली तिला हरकत घेतली. उतारवयात गतायुष्याचा फेरआढावा घेणे, जुने हिशेब मिटवणे ही मनाची स्वाभाविक आणि हितकर क्रिया आहे, असे त्याने प्रतिपादन केले. तेव्हा ‘म्हातारपणी शाळा सुचली’ असे म्हणून घरातल्या तरुणांनी आजोबांची थट्टा करू नये.

दुसरा एक अभ्यास आपल्या विषयाला अधिकच लागू पडतो. हॅरी बाहरिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९७५ साली तो प्रसिद्ध केला. हायस्कूल सोडलेल्या ३९२ अमेरिकन व्यक्तींपुढे त्यांनी त्यांच्याच वर्गसोबत्यांची नावे आणि छायाचित्रे ठेवली. शाळा सोडून पंधरा वर्षे झालेली माणसे सुमारे ९० टक्के चेहरे बरोबर ओळखीत. ४८ वर्षांनंतरही हे प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास राहिले. पण काहीही समोर न ठेवता ‘वर्गातली नावे सांगा’ म्हटले, की पंधरा वर्षांनी ६० टक्के आणि ४८ वर्षांनी जेमतेम ३० टक्के नावे आठवत. म्हणजे सोबती मनातून गेलेले नसतात. त्यांना बाहेर आणण्यास काहीतरी निमित्त, काहीतरी दस्तऐवज समोर असावा लागतो.

आपल्याकडे हा दस्तऐवज म्हणजे निरोप समारंभाचे छायाचित्र. मध्यभागी खुर्च्यांवर मुख्याध्यापक व शिक्षक, त्यांच्या एका अंगाला, वेणीला रिबिनी बांधून, ओठ मिटून बसलेल्या मुली, मागे बाकांवर दोन रांगांत उभी मुले, पुढे सतरंजीवर मांडी घातलेले बुटके, आणि सर्वांच्या पुढ्यात पाटीवर खडूने लिहिलेले वर्ष. स्नेहमीलनाच्या दिवशी हे छायाचित्र हातोहाती फिरते आणि बोटे एकेका चेहऱ्यावर थांबतात.

परंतु छायाचित्रावर सर्वस्वी विसंबणे हीच मोठी चूक आहे, आणि ती जवळजवळ प्रत्येक तुकडी करते. छायाचित्राची प्रत विकत घ्यावी लागे, समारंभाला वर्गणी असे, अंगावर बरा सदरा असावा लागे. म्हणून काही जण त्या दिवशी शाळेत आलेच नाहीत. १९७५ साली राज्यात दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली आणि जुनी अकरावीची मॅट्रिक संपली, पण तिच्या आधी काय किंवा नंतर काय, गणित-इंग्रजीत गचकून कायमचे शेतावर गेलेले कितीतरी होते. आठवीतून बैलांमागे गेलेले, नववीत लग्न होऊन गेलेल्या मुली, बापाच्या मृत्यूने दप्तर टाकलेले, यांच्यापैकी कोणीही त्या चौकटीत नाही. उत्तीर्णांच्या यादीवरून निमंत्रणे काढली, की हे सर्व आपोआप वगळले जातात, आणि वगळणाऱ्यांच्या ते ध्यानीही येत नाही.

ते आहेत शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात. हे रजिस्टर शाळेने कायम जतन करावयाचे असते. विद्यार्थ्याचे नाव, वडिलांचे नाव, गाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याचा दिवस, नाव कमी झाल्याचा दिवस आणि कारण, असा इत्थंभूत तपशील त्यात असतो. जात पडताळणीसाठी जुने पुरावे शोधणाऱ्या अनेक कुटुंबांना या जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकाचे मोल ठाऊक झाले आहे. स्नेहमीलनाच्या संयोजकांनीही ते ओळखावे. विशेषतः मुलींच्या शोधाला त्यावाचून गती नाही. लग्नानंतर आडनाव पालटले, क्वचित नावही पालटले, मग तिला शोधायचे कसे? रजिस्टरात माहेरचे गाव आणि वडिलांचे नाव मिळते. त्या गावी भाऊ असतो, भावजय असते, निदान शेजारी तरी असतो.

बोलावले तरी काही जण येत नाहीत, आणि याचे कारण आपल्या परंपरेने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. सहाध्यायींच्या भेटीची गोष्ट म्हटली की सर्वांना सुदामा आठवतो. मला महाभारताच्या आदिपर्वातला द्रोण आठवतो. एका गुरूपाशी राहिलेला द्रुपद राजा झाला, आणि दारिद्र्याने गांजलेला द्रोण जुन्या सख्याच्या भावनेने त्याच्या दारी गेला, तेव्हा सख्य बरोबरीच्यांतच होते असे सांगून द्रुपदाने त्याला परत लावले. त्या एका अवमानातून केवढे वैर पेटले, हे सांगणे नलगे. आमच्या स्नेहमीलनांत द्रुपदासारखे तोंडावर बोलणारा कोणी नसतो. पण व्यासपीठावर तहसीलदार, डॉक्टर, उद्योजक झालेल्या वर्गमित्रांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार चालतो आणि शेवटच्या रांगेतला कोरडवाहू शेतकरी टाळ्या वाजवतो, तेव्हा न बोलता तेच सांगितले जाते. पुढच्या वर्षी तो ‘वेचणीचे दिवस आहेत’ म्हणतो.

या जिल्ह्याला याविषयी तरी बेफिकीर राहण्याची मुभा नाही. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी कुटुंबासह आयुष्य संपवले; तेव्हापासून शेतकऱ्यांच्या आत्महत्यांशी यवतमाळचे नाव जोडले गेले. आयुष्य संपवलेल्या या शेतकऱ्यांतले कितीतरी जण कोणाचे ना कोणाचे वर्गमित्र होते. कर्जाची गोष्ट माणूस भावाला सांगत नाही, सोयऱ्याला तर नाहीच. जुन्या सोबत्याला मात्र कधी कधी सांगतो, कारण त्याच्यापुढे अब्रूचा प्रश्न उरलेला नसतो. नियमित भेटणारी तुकडी संकट टाळीलच असे मी म्हणत नाही. पण कोणाच्या मुलीची फी अडली आहे, कोणाचे औषधपाणी थांबले आहे, कोण आठ दिवसांत गावात दिसला नाही, हे तिला कळते, आणि कळल्यावर काहीतरी करता येते. यवतमाळला जानेवारी २०१९ मध्ये ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे उद्घाटन कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे या शेतकऱ्याच्या विधवेने केले. ज्या नगरीने एवढ्या मोठ्या व्यासपीठावर हा मान दिला, तिच्या जिल्ह्यातल्या तुकड्यांना आपल्या छोट्या व्यासपीठावर तो देता येऊ नये, असे काही नाही.

प्रत्येक तुकडीत सर्वांची खबर ठेवणारा एखादा माणूस बहुधा गावातच राहिलेला असतो. माझ्या पाहण्यात तो पुष्कळदा कृषी केंद्र चालवणारा निघाला. जूनमध्ये बियाण्यासाठी, पुढे खतासाठी, फवारणीसाठी पंचक्रोशीतला प्रत्येक शेतकरी त्याच्या गल्ल्यापुढे येतो; कोणाची उधारी थकली, कोणाचे पेरलेले उगवले नाही, कोण जमीन विकून गाव सोडून गेला, याची नोंद त्याच्यापाशी असते. परगावी गेलेल्यांनी मोबाईलवर शुभेच्छा धाडण्यापूर्वी याला आधी फोन करावा.

आणि आता वाचकांना एवढेच सांगावयाचे आहे. तुमची तुकडी यंदा एकत्र येणार असेल, तर मुख्याध्यापकांना रीतसर अर्ज देऊन, त्यांच्या समक्ष बसून दाखल-खारीज रजिस्टरावरून यादी करा. पाचवीपासून तुमच्याबरोबर असलेले प्रत्येक नाव तीत घ्या, मग तो दहावीला बसलेला असो वा नसो. तारीख वेचणीच्या ऐन हंगामात धरू नका. वर्गणीचा आकडा पत्रिकेत छापू नका; ज्याला देणे शक्य आहे त्याच्याकडून ती मुकाट्याने घ्या. सत्कार करायचाच तर शिक्षकांचा करा. आणि जो दोनदा बोलावूनही आला नाही, त्याच्या गावी तिघे-चौघे मिळून जा, त्याच्या ओसरीवर बसा आणि तेथेच चहा घ्या.