थरथर थिजवणारा दिवा
नाशिकच्या सातपूर-अंबड पट्ट्यात फिरता शाफ्ट नवलाचा नाही. त्याला हात न लावता वेग मोजणारा स्ट्रोबोस्कोप, म्हणजे ठरावीक गतीने लुकलुकणारा दिवा, स्पीकरवरही चालतो. पडदा 50 हर्ट्झने थरथरत असेल आणि दिवा मिनिटाला 3000 वेळा चमकला, तर दर चमकेला पडदा त्याच जागी सापडतो; जणू थिजलेला. चमकांची गती जरा कमी केली, की तो संथपणे आत-बाहेर डुलतो. बघत बसावे असे दृश्य!

गोम अशी, की 1500 चमकांनाही तो स्थिरच दिसतो. म्हणून गती वाढवत न्यावी. 6000 ला सहसा दोन प्रतिमा दिसतात, तेव्हा उत्तर 3000. हे खर्जापुरतेच, तीव्र सुरांची हालचाल डोळ्याला दिसत नाही. अपस्माराचा त्रास असणाऱ्यांनी या दिव्यापासून लांबच राहावे.