सुवर्णनाण्यांवरील टांकसाळदोष

टांकसाळदोष म्हणजे नाणे पाडताना धातूच्या चकतीत, ठशात किंवा छापण्याच्या क्रियेत राहिलेली त्रुटी होय. नाणे टांकसाळीबाहेर पडल्यानंतरची झीज, कातरण किंवा दागिन्यासाठी दिलेला डाख यांचा त्यात समावेश होत नाही. कोणते लक्षण दोष मानायचे, हे नाणे पाडण्याच्या पद्धतीवरून ठरते.

पद्धतीनुसार फरक

देवगिरीच्या यादवांच्या सोन्याच्या पद्मटंकांवर मधोमध कमळ आणि सभोवती राजाचे नाव, 'श्री', शंख इत्यादी चिन्हे वेगवेगळ्या ठशांनी ठोकलेली असतात. या ठोक्यांमुळे नाणे वाटीसारखे खोलगट होते. त्यामुळे हा आकार, कोरी मागील बाजू किंवा एकमेकांवर चढलेली चिन्हे दोष ठरत नाहीत.

मुघल मोहरा आणि छत्रपती शिवाजी महाराजांचे होनही हातोड्याने पाडलेले आहेत. ठसा बहुधा चकतीहून मोठा असल्याने लेखाचा काही भाग नाण्याबाहेर राहतो. औरंगजेबाच्या काळात औरंगाबादच्या टांकसाळीचे 'खुजिस्ता बुनियाद' हे नावही अशा नाण्यांवर अर्धवट दिसू शकते. याउलट, १९१८ साली मुंबईत यंत्राने पाडलेल्या सुमारे ७.९९ ग्रॅम वजनाच्या सॉव्हरिनवर छाप सरकलेली आढळल्यास तो खरा टांकसाळदोष ठरतो.

प्रकार

• चकतीचे दोष: कडेची चीर, सुटलेला पापुद्रा, अपुरी कापलेली चकती.
• ठशाचे दोष: ठशाला तडा गेल्यास नाण्यावर उंचावलेली रेघ उमटते. त्यानंतर त्याच ठशाने पाडलेल्या नाण्यांवर ती पुन्हा दिसते.
• छापण्याचे दोष: दुहेरी छाप, सरकलेली छाप आणि उलटी छाप. आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिल्यास पुढच्या नाण्यावर त्याचीच बाजू उलटी व खोलगट उमटते.

ओळख

भिंगाखाली ओरखडा पाहताना तो अक्षरांना छेदून जातो की अक्षरांपाशी तुटतो, हे तपासतात. अक्षरे कापणारा ओरखडा नंतरचा असतो. अक्षरांपाशी तुटून मोकळ्या जागेत पुन्हा दिसणारा ओरखडा बहुधा मूळ चकतीवरचा असतो. सराफांनी कस पाहण्यासाठी मारलेल्या खुणा आणि माळेत ओवण्यासाठी लावलेल्या कडीचा डाख हे नंतरचे बदल आहेत.

हातोड्याने पाडलेल्या प्रत्येक नाण्याची कड व चीर वेगळी असते. दोन नाण्यांवर तंतोतंत सारखी चीर आढळल्यास ती एकाच साच्यातून ओतलेली बनावट नाणी असण्याचा दाट संभव असतो. पृष्ठभागावरील बारीक छिद्रे, बोथट अक्षरे आणि कडेवरील सांधा ही ओतकामाची आणखी लक्षणे होत.

जतन आणि कायदा

नाणे घासून उजळल्यास मूळ पृष्ठभाग नष्ट होतो आणि दोषाचा पुरावाही पुसला जातो. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे बंधनकारक आहे.