नजरेसाठी आखलेला रस्ता

घाटरस्ता आखायला घेतला की पहिला विचार खर्चाचा. चढ किती ठेवायचा, खोदाई किती, भराव किती, बोगदा परवडेल का. नोकरीभर मी याच हिशेबात होते. मुलगी शार्लटला स्थायिक झाली आणि तिच्याकडे जाऊ-येऊ लागले तेव्हा अमेरिकेतला ब्लू रिज पार्कवे पाहिला. इथं आखणाऱ्यांनी सर्वांत आधी विचारलं होतं, की गाडीत बसलेल्या माणसाला इथून काय दिसेल?

व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानापासून नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रेट स्मोकी माउंटन्सपर्यंत ४६९ मैलांचा, म्हणजे सुमारे ७५५ किलोमीटरचा हा डोंगरमाथ्यावरचा रस्ता. महामंदीत लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून ११ सप्टेंबर १९३५ रोजी काम सुरू झालं, ते पुरं व्हायला १९८७ उजाडलं. इथं मालट्रकला बंदी आहे, जाहिरातींच्या फलकांना मज्जाव आहे आणि वेगमर्यादा जास्तीत जास्त ताशी ४५ मैल.

स्टॅन्ली ॲबट या भूदृश्यरचनाकाराकडे हे काम आलं तेव्हा तो जेमतेम पंचविशीचा होता. न्यूयॉर्कजवळच्या वेस्टचेस्टर काउंटीतल्या पार्कवेंवर त्याचा हात तयार झालेला. सतत कड्यावरून दरी दाखवत राहिलं तर माणूस तासाभरात कंटाळतो, हे त्यानं ओळखलं. म्हणून रस्ता मध्येच माथा सोडून ओढ्याकाठी उतरतो, शेताच्या कडेनं जातो, झाडीत शिरतो आणि मग एका वळणावर समोर निळ्या डोंगरांच्या रांगा उघडतात. वळणंही हळुवार. सरळ रस्त्याला एकदम गोल वळण जोडलं की चालकाला स्टिअरिंग झटक्यानं फिरवावं लागतं. इथं मध्ये संक्रमण वक्र घातलेत, म्हणजे वक्रता थोडी थोडी वाढत जाते आणि अंगाला हिसका बसत नाही.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंची भरपूर जमीन राज्यांनी विकत घेतली. त्यापलीकडच्या काही जमिनींचा फक्त दृश्यहक्क घेतला: शेत शेतकऱ्याच्याच नावावर, नांगरणी-पेरणी त्याचीच, पण नवं बांधकाम करायचं नाही, फलक लावायचा नाही. कुठे झाडी मोकळी करायची, कुठे नवी लावून काय झाकायचं, कुठलं शेत कसायला द्यायचं, याचे नकाशे निघाले. आपण गाडी थांबवून ज्याला निसर्ग म्हणतो, तो आजही कुणीतरी झाडं छाटून उघडा ठेवलेला असतो. मला यात फसवणूक वाटत नाही. बाग राखावी तसा डोंगर राखला आहे.

मॅब्री मिलपाशी मात्र माझं मन खट्टू होतं. १७६ व्या मैलाजवळची ही पाणचक्की. पुढ्यात तळं, लाकडी पन्हळीतून येणारं पाणी, जुनं भलंमोठं चाक. फोटो काढणाऱ्यांची रीघ लागलेली असते. एड मॅब्री इथं धान्य दळायचा, लाकूड कापायचा, लोहारकामही करायचा. त्याचं घर फळ्यांचं, दुमजली, चांगलं ऐसपैस होतं. उद्यान खात्यानं ते पाडलं आणि दुसरीकडून आणलेली ओंडक्यांची झोपडी तिथं उभी केली. पर्यटकांच्या मनातला डोंगरी माणूस झोपडीत राहणारा होता ना! एका कर्तबगार कारागिराची मिळकत देखाव्यासाठी पुसली गेली, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तशा इतरही तक्रारी होत्या. बाजाराला माल न्यायला रस्ता मिळेल या आशेवर असलेल्या शेतकऱ्यांना मालवाहतूक बंद असलेला रस्ता मिळाला. चेरोकी लोकांनी आपल्या सोको खोऱ्यातून पार्कवे नेण्याला वर्षानुवर्षं विरोध केला आणि आखणी वरच्या धारेवर न्यायला लावली.

ग्रँडफादर माउंटनचे मालक ह्यू मॉर्टन यांनीही डोंगर वरच्या बाजूनं कापू दिला नाही. सगळा पार्कवे तयार होऊनही तिथले साडेसात मैल अडून राहिले. त्या वादातून जे निघालं, ते माझ्या व्यवसायातलं एक अप्रतिम काम आहे: लिन कोव्ह व्हायडक्ट. प्रचंड शिळांनी भरलेला उतार. तिथं सुरुंग लावला असता तर सगळं रूपच गेलं असतं. म्हणून १,२४३ फूट लांबीचा पूल डोंगराला वळसा घालत अधांतरी नेला. काँक्रीटचे १५३ तुकडे आधी ओतून घेतले, प्रत्येक सुमारे ५० टनांचा. तयार झालेल्या पुलाच्या टोकावर उभं राहून पुढचा तुकडा जोडायचा, पोलादी केबल ताणून आवळायचा. खांबसुद्धा वरूनच, सामान खाली सोडून बांधले. १५३ पैकी सरळ तुकडा एकच. बाकी सगळे कुठल्या ना कुठल्या बाजूला वळलेले किंवा पिळलेले. १९८३ मध्ये पूल पुरा झाला.

पुलाखाली पायवाट आहे. तिथं उभं राहून मान वर केली की तुकड्यांचे सांधे मोजता येतात. काँक्रीटमध्ये लोहभस्म मिसळून शेजारच्या खडकाशी रंग जुळवलाय. खांबाला हात लावला तेव्हा आमच्याकडे संरक्षक भिंती कशा उरकल्या जातात ते आठवून माझा जीव चुटपुटला.

सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळानं नॉर्थ कॅरोलिनातल्या पार्कवेची दाणादाण उडवली. दरडी कोसळल्या, कुठे रस्ताच खाली गेला, आणि पुढे तो टप्प्याटप्प्यानं उघडत गेला. या रस्त्यावरच्या जुन्या पुलांच्या काँक्रीटला दगडाचं तोंड दिलेलं आहे. परदेशातून आलेल्या इटालियन आणि स्पॅनिश गवंड्यांचा हात लागलेलं काम आहे ते. ढासळलेल्या जागी आता ज्या भिंती उठतील, त्यांना कुणी तेवढ्याच निगुतीनं दगड लावतंय का, हे मला जवळ जाऊन बघायचं आहे.