परिचारिकेचें प्रमाणपत्र : खर्च किती, प्राप्ति किती?

मुलीच्या शिक्षणाची गोष्ट निघाली म्हणजे आपल्या घरांतून दोन मतें ऐकूं येतात. एक म्हणतें, विद्या ही तराजूंत घालावयाची वस्तु नव्हे. दुसरें विचारतें, पुढें पगार काय मिळणार? पोटापाण्याची ददात नाहीं अशा घरीं पहिलें मत शोभून दिसतें. परंतु जेथें फीचा पैसा कर्जानें उभा करावा लागतो, तेथें दुसरा प्रश्न हाच खरा शहाणपणाचा, असें आम्हांस वाटतें.

नाशिक जिल्ह्यांतील त्र्यंबकेश्वर तालुक्याचें हरसूल घ्या. गुजराथच्या सरहद्दीजवळचा हा आदिवासी मुलूख. भात, नागली, वरई हातीं आली, कीं पुष्कळशीं कुटुंबें द्राक्षबागांच्या मजुरीस नाशिककडे निघतात. अशा घरांतील बारावी उत्तीर्ण मुलीनें परिचारिका होण्याचें मनांत आणलें, तर तिला दोन मार्ग आहेत. सहायक परिचारिका-प्रसाविकेचा, म्हणजे ए. एन. एम. चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जी. एन. एम. चा तीन वर्षांचा.

प्रथम पहिल्याचा हिशेब मांडूं. फी प्रत्येक संस्थेची निराळी. म्हणून पुढील आंकडे केवळ नमुन्यादाखल धरावे. समजा, खाजगी शाळेची फी वर्षास ६०,००० रुपये, राहण्याजेवण्याचा खर्च महिना ४,०००, आणि पुस्तकें, गणवेष, परीक्षा यांस वर्षास १२,०००. दोन वर्षांचे झाले २,४०,०००. शिवाय मुलगी घरीं असती तर तिनें मजुरी आणली असती. ही वजाबाकी मांडावयास बहुतेक लोक विसरतात. ती वर्षास ६०,००० धरली, तर एकूण भार ३,६०,००० रुपयांचा होतो.

आतां प्राप्ति पाहूं. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या महाराष्ट्रांतील अलीकडच्या जाहिरातींत कंत्राटी ए. एन. एम. चें मानधन दरमहा १८,००० रुपये असें आढळतें. त्यांतून स्वतःच्या खर्चास ८,००० ठेवून तिनें १०,००० बाजूस टाकले, तर सारा भार फिटण्यास छत्तीस महिने लागतात. जिल्हा परिषदेंत कायम आरोग्यसेविका झाली, तर सातव्या वेतन आयोगाप्रमाणें मूळ वेतनच २५,५०० पासून सुरू होतें, वर महागाईभत्ता; मग मुदत पुष्कळच घटते.

तिसरें वर्ष शिकावें काय? त्या वर्षाचा खर्च १,२०,००० आणि शिल्लक राहिली असती ती रक्कम १,२०,०००, मिळून २,४०,००० होतात. कंत्राटी अधिपरिचारिकेस सुमारें २०,००० मिळतात, म्हणजे फरक अवघा दोन हजारांचा. तो भरून निघण्यास दहा वर्षें हवींत! परंतु कायम जागेवर अधिपरिचारिकेचें मूळ वेतन ३५,४०० आहे. तेथें फरक ९,९०० चा, आणि तेंच वर्ष सुमारें दोन वर्षांत फिटतें. तात्पर्य, वरच्या प्रमाणपत्राची किंमत कायम नोकरीच्या आशेवर अवलंबून आहे. आणि कायम जागांची भरती केव्हां निघेल, हें मुलीच्या हातीं नसतें.

खाजगी रुग्णालयांविषयीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ सालच्या निर्णयानंतर नेमलेल्या केंद्रीय समितीनें, पन्नासांहून कमी खाटांच्या रुग्णालयांतहि परिचारिकेस दरमहा २०,००० रुपयांहून कमी वेतन नसावें, अशी शिफारस केली. मात्र शिफारस म्हणजे पगार नव्हे. नोकरी धरण्यापूर्वीं आंकडा लेखीं मागून घ्यावा.

सर्वांत मोठा धोका फीचा नसून निरुपयोगी प्रमाणपत्राचा आहे. सहा महिन्यांत वा वर्षांत ‘नर्सिंग’ शिकवूं म्हणणारे वर्ग स्वस्त दिसतात. परंतु त्या कागदावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेंत नांव नोंदतां येत नसेल, तर सरकारी नोकरीचें दार बंदच. तेव्हां पहिला प्रश्न नोंदणीचा, दुसरा शिष्यवृत्तीचा. अनुसूचित जमातीच्या मुलीस, घरचें वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आंत असल्यास, मान्य अभ्यासक्रमासाठीं मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ति मिळूं शकते. वरील हिशेबांतून फीचे १,२०,००० वगळले, तर छत्तीस महिन्यांचे चोवीस होतात.

आमच्या वाचक कुटुंबांस हा हिशेब परका वाटूं नये. १९०९ सालीं पुण्यांत निघालेल्या सेवासदनानें, रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं, स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणाची वाट मोकळी केली. त्या काळीं परक्यांची शुश्रूषा करणें उच्चवर्णीय घरांत कमीपणाचें मानीत. तरी अनेक विधवांनीं त्याच विद्येच्या बळावर आपलें पोट भरलें, मुलें वाढविलीं. आज तीच वाट हरसूलच्या मुली धरूं पाहतात. डोंगराळ व आदिवासी भागांत दर तीन हजार लोकवस्तीस एक आरोग्य उपकेंद्र असावें, असा सरकारी दंडक आहे. आणि आपल्या लोकांची बोली जाणणारी आरोग्यसेविका तेथें लाभणें, हा लाभ कोणत्याहि वहींत मांडतां येत नाहीं.

आपल्या घरीं वडीलधाऱ्यांच्या आजारपणांत बाई ठेवण्याचा प्रसंग येतो. तिनें शिक्षण कोठें घेतलें, नोंदणी आहे काय, हें अवश्य विचारावें. आणि ती खरोखर शिकलेली असेल, तर तिच्या शिक्षणास किती खर्च आला असेल, हेंहि मनाशीं मोजून मगच पगाराची घासाघीस करावी.